कानकून की प्लाया देल कार्मेन?

मेक्सिकोच्या कॅरिबियन किनाऱ्यावर जायचं ठरलं की पहिला वाद मुक्काम कुठे करायचा, हाच. विमान दोन्हीसाठी सहसा कानकूनलाच उतरतं. तिथून प्लाया दक्षिणेला साधारण तासाभरावर, विमानतळावरूनच थेट बस मिळते.

नुसतं समुद्रात डुंबायचं असेल तर कानकून. हॉटेलांची लांबलचक पट्टी, पांढरी वाळू, दारासमोरून सिटी बस. लहान मुलं सोबत असतील तर पट्टीच्या उत्तरेकडचं हॉटेल घ्या. तिथे पाणी शांत असतं, पूर्वेकडे लाटा चांगल्याच आपटतात. इस्ला मुहेरेस बेटाची फेरीबोटही इथून जवळ, वीसेक मिनिटांत पलीकडे.

पण रोज सकाळी उठून कुठेतरी जायचं असेल तर माझं मत प्लायाला. कोझुमेल बेटाची फेरीबोट गावातूनच सुटते. तुलुमचे समुद्रकाठचे माया अवशेष कानकूनहून सुमारे १३० किमी, इथून त्याच्या निम्मे. वाटेत सेनोटे, म्हणजे चुनखडीचं छत कोसळून झालेले गोड्या पाण्याचे डोह. चिचेन इत्सा हे प्राचीन माया शहर मात्र कुठूनही लांबच. अख्खा दिवस धरा आणि गेट उघडायच्या वेळीच पोचा.

एप्रिल ते ऑगस्टमध्ये सार्गासम शेवाळ किनाऱ्यावर येतं, कुजलं की वास सुटतो. प्लायाला त्याचा त्रास कानकूनच्या उत्तर टोकापेक्षा जास्त.

शाकाहाऱ्यांनो, राजम्यासारख्या दिसणाऱ्या फ्रिहोलेसमध्ये बरेचदा डुकराची चरबी असते. ‘सिन मांतेका’ म्हणून आधीच सांगा.