२००-६०० झूम आणि उडते पक्षी: आठ महिन्यांनंतर

२०० ते ६०० मिमीची ही कॅमेऱ्याची लेन्स (आकडा वाढला की लांबचं जवळ दिसतं) घेऊन आठ महिने झाले, आणि तिच्यावर जवळपास फक्त उडते पक्षीच काढलेत, त्यामुळे बसलेल्या पक्ष्यांसाठी कशी आहे ते नीटसं नाही सांगता येणार.

पहिले दोन महिने हाती काहीच लागलं नाही. रिकामं आकाश नाहीतर शेपटीचं टोक. खूप वाईट वाटायचं. चूक लेन्सची नव्हती, मी कायम ६०० वर लावून बसायचो. फुल फ्रेमवर (३५ मिमी फिल्मएवढा सेन्सर असलेल्या कॅमेऱ्यावर) ६०० ला जेमतेम ४ अंश दिसतं, म्हणजे हात लांब करून दोन बोटं धरली की मागे जेवढं आकाश झाकलं जातं साधारण तेवढंच, आणि त्यात उडता पक्षी शोधायचा! आता २०० वर पक्षी पकडतो, फोकस बसू देतो, मग त्याला न सोडता ६०० पर्यंत जातो. झूम करताना लेन्स लांब होत नाही त्यामुळे हातातला तोल बिघडत नाही, माझ्यासाठी हीच तिची सगळ्यात मोठी जमेची बाजू.

खरी परीक्षा झाली पांढुरक्या भोवत्याच्या, म्हणजे एका शिकारी पक्ष्याच्या वेळी. हा आययूसीएन या निसर्ग संवर्धनाच्या आंतरराष्ट्रीय संस्थेच्या यादीत संकटाच्या उंबरठ्यावरचा पक्षी, आणि उडतो गवताला जवळजवळ घासून, मध्येच वळतो, मध्येच खाली पडल्यासारखा होतो. कॅमेऱ्याचं बर्ड डिटेक्शन (पक्षी आपोआप ओळखून फोकस करणं) आकाशात झकास चालतं पण इथे फोकस सारखा मागच्या गवतावर उडी मारायचा. शेवटी लिमिटर (फोकस किती अंतरात शोधायचा ते ठरवणारं लेन्सवरचं बटण) लांबच्या रेंजवर टाकला, फोकस एरिया लहान केला, फोकस कॅमेऱ्याच्या मागच्या बटणावर घेतला, सुटला की सोडायचं आणि परत दाबायचं. अठ्ठावीस फ्रेममधल्या तीन धारदार आल्या. घरी मोठं करून बघितलं तर पिवळा डोळा, आणि पंखाच्या टोकाला ती अरुंद काळी पाचर! याच्यासारख्याच दिसणाऱ्या मोंटेग्यूच्या भोवत्याच्या नराला पंखावर आडवा काळा पट्टा असतो, याला नव्हता, म्हणजे ओळख पक्की. दुर्बिणीतून एवढ्या घाईत ते मला दिसलंच नव्हतं. त्या दिवशी लेन्सचे पैसे वसूल झाले असं मनापासून वाटलं.

शटर १/३२०० सेकंदाच्या खाली नेत नाही, आयएसओ (सेन्सरची प्रकाशाची संवेदनशीलता) ऑटो, आणि मागे उजळ आकाश असेल तर एक्स्पोजर +१, नाहीतर पोटाखालची पिसं नुसती काळी येतात. सायलेंट शटर मी बंदच केलं, माझ्या कॅमेऱ्याचा सेन्सर ओळीओळीने सावकाश वाचला जातो आणि फडफडणारे पंख वाकडे येतात.

आता खटकणाऱ्या गोष्टी. ६०० ला लेन्सचं छिद्र जास्तीत जास्त एफ/६.३ एवढंच उघडतं, ते पहाटे कमीच पडतं, आयएसओ ६४०० सहज ओलांडतो. वजन दोन किलोच्या वर, अर्ध्या तासाने खांदा भरून येतो. आणि उन्हं वर आली की जमिनीवरची हवा थरथरते, मग लांबचं काहीही धारदार येत नाही, कुठलीही लेन्स लावा. अशा वेळी जवळ जायचा मोह होतो, मी जात नाही, उडावं म्हणून पक्ष्याला उठवत तर अजिबात नाही. पक्षी बहुतेक वेळा वाऱ्याकडे तोंड करून उडतो, म्हणून वारा पाठीवर घेऊन बसायचं, तो आपणहून समोर येतो.

बहिरी ससाणा मात्र अजून जमलेला नाही. झेपावताना ताशी ३०० किलोमीटरच्या वर जातो, आणि माझ्याकडे आहेत त्या सगळ्या करड्या रेघा. हिवाळ्यात परत बसणार आहे.