फंडस कॅमेरा की लेझर स्कॅनर? रेटिनाचा फोटो काढायचं यंत्र घेताना

माहितीपत्रकातला अंशांचा आकडा, म्हणजे एका फोटोत रेटिनाचा (डोळ्यामागच्या पडद्याचा) किती भाग येतो तो कोन, आधी बाजूला ठेवा. साध्या फंडस कॅमेऱ्याचे 45 अंश बाहुलीपाशी मोजलेले असतात, ऑप्टॉस या वाइडफिल्ड (एका फोटोत मोठा भाग टिपणाऱ्या) लेझर स्कॅनरचे 200 अंश नेत्रगोलाच्या मध्यापासून. झाइसच्या क्लॅरस या वाइडफिल्ड यंत्राचे 133 अंश बाहुलीपासून मोजले तर 90 भरतात. विक्रेत्याला पहिला प्रश्न हाच विचारा: कोन कुठून मोजलाय?

फंडस कॅमेरा पांढऱ्या फ्लॅशने सगळा भाग एकदम उजळतो. रंग खरे येतात, म्हणून काचबिंदूत डिस्कची (रेटिनावरच्या दृष्टिनाडीच्या तोंडाची) कड किंवा फिकेपणा बघायला तोच बरा. अडचण बाहुलीची. तिला साधारण 4 मिमी रुंदी लागते आणि जुन्या मधुमेहात ती तेवढी उघडतच नाही. मग फोटोची कड काळवंडते. शिवाय एका डोळ्यावर फ्लॅश पडला की दोन्ही बाहुल्या आकसतात, त्यामुळे बाहुली मोठी करणारे थेंब न घालता काम करायचं तर दुसऱ्या डोळ्याआधी काही मिनिटं अंधारात थांबावं लागतं. शिबिराच्या रांगेत हीच मिनिटं महागात पडतात.

लेझर स्कॅनरमध्ये प्रकाशाचा बारीक ठिपका रेटिनावर ओळीओळीने फिरतो. कॉन्फोकल यंत्रात परतणारा प्रकाश डिटेक्टरपुढच्या सूक्ष्म छिद्रातून जातो, त्यामुळे इकडेतिकडे विखुरलेला प्रकाश बाहेरच अडतो. हलका मोतीबिंदू असला तरी चित्र बऱ्यापैकी उठतं ते यामुळेच. पिकलेल्या मोतीबिंदूपुढे मात्र सगळीच यंत्रं हात टेकतात.

ऑप्टॉस लंबगोल आरशाच्या जोरावर 2 मिमी बाहुलीतून, अर्ध्या सेकंदाच्या आत, सुमारे 82 टक्के रेटिना टिपतं. मूळचे लेझर दोनच, लाल आणि हिरवा; त्यामुळे रंग बनावट, डिस्कच्या रंगावर निदान करू नका. पण दोन्ही रंगांचे थर वेगळे उघडून बघा. कोरॉइडमधला (रेटिनामागच्या रक्तवाहिन्यांच्या थरातला) तीळ लाल थरात ठळक दिसतो आणि हिरव्यात विरतो. रक्तस्राव हिरव्यात उठून दिसतो. कडेचा भाग ताणलेला येतो, तेव्हा तिथल्या डागाची मापं कच्च्या चित्रावर घेऊ नयेत. खालच्या बाजूला पापण्यांचे केस हमखास येतात. कापसाच्या काडीने पापणी धरावी आणि वरचा-खालचा भाग रुग्णाची नजर वळवून वेगळा घ्यावा. एवढं करूनही रेटिनाच्या अगदी कडेचं छिद्र निसटू शकतं, म्हणून चमका दिसणाऱ्या रुग्णाची इनडायरेक्टने (डॉक्टरच्या कपाळावरच्या दिव्याने आणि हातातल्या भिंगाने), डोळा दाबून तपासणी टळत नाही.

हायडेलबर्ग स्पेक्ट्रॅलिस या दुसऱ्या लेझर स्कॅनरचं बळ मॅक्युलात (रेटिनाच्या मध्यभागात) आहे. नेहमीची लेन्स 30 अंशांची, पण डोळा हलला तरी यंत्र माग काढतं आणि पुढच्या भेटीत ओसीटीचा (प्रकाशाने रेटिनाचे थर दाखवणाऱ्या तपासणीचा) छेद नेमक्या त्याच जागी घेतं. डोळ्यात इंजेक्शन घेणाऱ्या रुग्णांसाठी याची सर दुसऱ्याला नाही. कृत्रिम भिंग बसवलेल्या डोळ्यात याच्या मल्टिकलर (रंगीत) चित्रात कधीकधी भुताटकीसारखा चमकता डाग येतो. तो आजार समजू नका. याचं ऑटोफ्लुरोसन्स (रेटिनाच्या स्वतःच्या चमकेचं चित्र) निळ्या प्रकाशावर चालतं, ऑप्टॉसचं बहुधा हिरव्यावर. दोन यंत्रांच्या चित्रांवरून आजार वाढला की घटला हे ठरवू नये.

एकच दवाखाना आणि बजेट बेताचं असेल, तर आमचं मत: आधी चांगला कॅमेरा आणि ओसीटी. वाइडफिल्ड तेव्हाच घ्या, जेव्हा मधुमेहाचे पुढच्या टप्प्यातले रुग्ण नियमित येतात आणि लेझर उपचार तुम्हीच करता. डेमोला विक्रेत्याचा तरुण सहकारी बसवू नका. लोंबत्या पापणीचा, बारीक बाहुलीचा, सत्तरीतला रुग्ण बसवा, यंत्र तुमच्याच तंत्रज्ञाला चालवू द्या, आणि खालचा किती भाग केसांआड गेला ते बघा.