हांडवा कुकरमधला केक: खालची बाजू हीच दर्शनी बाजू

भांड्यांच्या दुकानात याला हांडवा कुकर म्हणतात. मूळ भांडं गुजराती घरांतलं, डाळ-तांदळाच्या आंबवलेल्या पिठाचा हांडवा भाजण्यासाठीचं. ॲल्युमिनियमचे तीन भाग असतात: वाळू भरायची बसकी थाळी, मधोमध पोकळ नळी असलेलं गोल भांडं आणि वाफेची भोकं व काचेची खिडकी असलेलं झाकण. वीज लागत नाही, तापमान दाखवणारं काही नाही, सगळं गॅसच्या आचेवर. रवा केक, अंड्याचा साधा केक, सफरचंदाचा उलटा केक असे चहाबरोबर कापून खायचे जुन्या वळणाचे केक करायचे असतील, तर ओटीजी, म्हणजे विजेचा छोटा ओव्हन, घेण्याआधी हे भांडं घ्या. मात्र याची उष्णता खालून आणि नळीतून येते, वरून जवळजवळ नाही, हे पक्कं ध्यानात ठेवून काय भाजायचं ते निवडावं लागतं. केकचा वरचा भाग इथे कधीच बदामी होत नाही. तळ आणि कडा मात्र अशा खमंग होतात की केक उलटा काढून तीच बाजू वर ठेवायची.

आधी खरेदीचं. पुण्यात बोहरी आळीत, मुंबईत तांबाकाट्याच्या बाजूला आणि बहुतेक गावांत भांड्यांच्या जुन्या दुकानात हा कुकर मिळतो. चार माणसांच्या घराला २० ते २२ सेंटीमीटर व्यासाचं भांडं पुरतं. हातात घेऊन तळ दाबून पाहा. बोटाने दबणारा पातळ पत्रा घेऊ नका, तो दोन-चार वेळा तापला की फुगतो आणि मग थाळीवर डुगडुगतो. झाकण घुमटाकार हवं. सपाट झाकणाला आतून साचलेलं पाणी थेट केकवर ठिबकतं आणि वर ओले, चिकट खड्डे पडतात. घुमटावरून तेच पाणी ओघळून कडेला जातं. नळीचा वेल्ड किंवा जोड कुठे फटीचा नाही ना, हे पाणी भरून तपासा, कारण पातळ पीठ तिथून झिरपलं तर वाळूत जळतं आणि धुराचा वास केकला लागतो. वाळूच्या थाळीला मधे उभ्या काठाचं भोक असेल तर उत्तम. गरम हवा त्यातून नळीत आणि नळीतून झाकणाखाली जाते, त्यामुळे वरचा भाग निदान कोरडा तरी होतो. इंडक्शनवर हे भांडं चालत नाही, ॲल्युमिनियम आहे.

वाळू ही यातली सर्वांत महत्त्वाची गोष्ट, आणि नेमकी तीच लोक गाळतात. बर्नरची ज्योत गोल कड्यासारखी असते. थाळी रिकामी ठेवली तर त्या कड्याच्या आकाराची काळी रिंग केकच्या तळाला उमटते आणि तिच्या आत-बाहेर पीठ अर्धकच्चं राहतं. वाळू ती आच पसरवते आणि धरून ठेवते. बारीक नदीची वाळू चाळून, तीन-चार पाण्यांत धुऊन, उन्हात खडखडीत वाळवून घ्या. थर १ सेंटीमीटरचा, सारखा पसरलेला. जास्त जाड थर घातला तर भांडं तापायलाच वीस मिनिटं जातात. समुद्राची वाळू नको. वाळूऐवजी मीठ घालण्याची पद्धत प्रेशर कुकरमधल्या केकसाठी प्रचलित आहे, पण दमट हवेत मीठ ओलं होतं आणि ॲल्युमिनियमला बारीक खड्डे पडतात. कोकणात तर अजिबात नको.

पहिला केक रव्याचा करा, हे भांडं त्यालाच सर्वांत जास्त मानवतं. २०० ग्रॅम बारीक रवा, २ मोठे चमचे मैदा, १५० ग्रॅम पिठीसाखर, ९० ग्रॅम पातळ केलेलं तूप, २५० ग्रॅम ताजं दही, चिमूटभर मीठ, वेलदोड्याची पूड. बेकिंग पावडर आणि सोडा वगळून सगळं एकत्र करून अर्धा तास झाकून ठेवायचं. एवढ्या वेळात रवा दही पितो आणि पीठ इडलीच्या पिठाहून घट्ट होतं. मग थोडं थोडं दूध घालून, साधारण १०० मिली, चमच्यावरून जाड पट्टीसारखं पडेल इतपत सैल करायचं. रवा न भिजवता घाईने भाजलात तर तो भांड्यातच ओलावा ओढतो आणि केक दुसऱ्या दिवशी भुगा होतो.

पीठ सैल करायच्या वेळीच वाळू भरलेली थाळी, वर भांडं न ठेवता, मध्यम आचेवर ८ ते १० मिनिटं तापत ठेवा. भांड्याला तूप लावून मैदा भुरभुरा आणि जास्तीचा झटकून टाका. नळीला बाहेरून वरपर्यंत तूप लावायला लोक विसरतात, आणि केक नेमका तिथेच चिकटून काढताना दोन तुकडे होतो. शेवटी १ सपाट छोटा चमचा बेकिंग पावडर आणि पाव चमचा सोडा पिठात मिसळून लगेच भांड्यात ओता. दह्याचा आंबटपणा सोड्याला भेटला की बुडबुडे सुटू लागतात, ते वाट पाहत नाहीत. सोडा अर्धा चमचा झाला तर केक पिवळट-तपकिरी होतो आणि साबणासारखी चव येते. भांडं अर्ध्याहून जास्त भरू नका. पीठ फुगून नळीच्या तोंडावरून आत पडलं तर सरळ बर्नरवर जातं.

भरलेलं भांडं तापलेल्या वाळूवर ठेवून ५ मिनिटं मध्यम आच, मग लहान बर्नरवर अगदी मंद आचेवर ३५ ते ४० मिनिटं. पंखा बंद, खिडकीचा वारा आडवा येऊ द्यायचा नाही. मंद ज्योत हलली की एका बाजूचा केक बसका राहतो. पहिली २५ मिनिटं झाकण उघडायचं नाही, काचेतून दिसतं तेवढं पुरे. आधी पीठ चकचकीत असतं, मग कडेने बारीक छिद्रं पडतात, मग चमक कडेकडून नळीकडे कमी होत जाते. सगळा पृष्ठभाग मंद झाला, केक भांड्याची कड दोराभर सोडू लागला आणि वास तुपाचा न राहता भाजल्या रव्याचा येऊ लागला, की विणायची सुई कड आणि नळी यांच्या बरोबर मध्ये खुपसून पाहा. कडेला खुपसलीत तर फसाल, तिथे केक आधीच शिजलेला असतो. गॅस बंद करून भांडं वाळूवरून उतरवा, नाहीतर वाळू आणखी दहा मिनिटं तळ भाजत राहते. १० ते १५ मिनिटांनी नळीभोवती पातळ सुरी फिरवून केक ताटलीवर उलटा.

अंड्याच्या केकला समप्रमाण पुरतं: १५० ग्रॅम मैदा, १५० ग्रॅम बिनमिठाचं लोणी, १५० ग्रॅम साखर आणि ३ अंडी, जी फोडल्यावर साधारण १४० ते १५० ग्रॅम भरतात. बेकिंग पावडर १ छोटा चमचा. लोणी-साखर पांढुरकी आणि हलकी होईपर्यंत फेसा, अंडी घरातल्या तापमानाची घ्या आणि एकेक घाला. गार अंडी घातली की मिश्रण फाटतं. फाटलंच तर एक चमचा मैदा घालून फेसा, जुळून येतं. बेदाणे घालायचे असतील तर आधी तळाला साध्या पिठाचा थर द्या आणि वरच्या पिठात मैद्यात घोळवलेले बेदाणे मिसळा. तळाला टेकलेला बेदाणा या भांड्यात हमखास जळून कडू होतो.

आणि सफरचंदाचा उलटा केक. ओव्हनमध्येही जो केक उलटाच काढतात, त्याच्यासाठी खालून भाजणारं भांडं म्हणजे वरदान. ७५ ग्रॅम साखर वेगळ्या जाड कढईत वितळवा, मधाच्या रंगावर आली की थांबा, १ मोठा चमचा लोणी घाला आणि तूप लावलेल्या भांड्याच्या तळाला पसरवा. चहाच्या रंगापर्यंत नेलीत तर पुढच्या पाऊण तासात ती जळून कडू होईल. त्यावर दोन मध्यम सफरचंदांच्या अर्ध्या सेंटीमीटरच्या फोडी एकमेकींवर चढवून मांडा आणि वर अंड्याच्या केकचं पीठ घाला. इथे सुरुवातीची मध्यम आच गाळायची, पहिल्यापासून मंद, ५० मिनिटं. उलटायचं मात्र ५ मिनिटांतच, साखर वाहती असताना. उशीर झाला तर साखर काचेसारखी धरते. अशा वेळी भांडं गरम वाळूवर दोन मिनिटं ठेवलं की सुटतं. ताटलीवर उतरतं तेव्हा फोडी तांबूस, कडेला गडद, आणि पाक केकमध्ये बोटाच्या पेराइतका मुरलेला असतो. साध्या ओटीजीत तळाला असा रंग सहजी येत नाही.

गोव्याचा बाथ हा रव्या-खोबऱ्याचा केकही इथे चांगला होतो. रवा, ओलं खोबरं, अंडी आणि लोणी यांचं पीठ रात्रभर मुरवायचं, सकाळी भाजायचं. चुलीवर तो वर-खाली निखारे ठेवून करत. या भांड्याच्या झाकणाला काच आहे, तिथे निखारे ठेवता येत नाहीत, म्हणून वरची खरपूस साय मिळत नाही. खोबऱ्यातलं तेल सुटून तळ मात्र अप्रतिम होतो.

नानकटाई, मावा केक आणि पाय (पारीत सारण भरून भाजलेला विलायती पदार्थ) यांच्यासाठी हा कुकर घेऊ नका. पायची ताटली नळीमुळे आत बसत नाही, बसवलीच तरी वरची पारी पांढरी आणि मऊ राहते. आयसिंगच्या केकला सपाट गोल चकती लागते, इथे मधे भोक असलेलं कडं मिळतं. ही कामं ओटीजीची.

धुताना तारेची घासणी नको, ओरखडे पडले की पुढचा केक त्यांतच चिकटतो. सोडा आणि धुण्याची पावडर यांनी भांडं आतून काळवंडतं. पाण्यात चिंच किंवा लिंबाची सालं टाकून दहा मिनिटं उकळलं की उजळतं. दह्याचं पीठ त्यात भिजवत ठेवू नका, भिजवायला स्टीलचं पातेलं घ्या. वाळू प्रत्येक वेळी फेकायची नाही. गार झाली की चाळून बरणीत भरा, आणि तिच्यावर केकचं पीठ सांडलं असेल तर तेवढी काढून टाका, नाहीतर पुढच्या केकला करपल्याचा वास येतो.