‘रक्कम’ लिहिलेल्या जागी मी कोड टाकला

५२,४७३ रुपये. फसवणुकीत गेलेला आकडा आधीच लिहून टाकतो, कारण ओळखीच्यांना मी ‘पाचेक हजार गेले’ असं सांगितलंय आणि ते खोटं आहे. २,४९९ हेडफोनचे, २४,९८७ रिफंडच्या नावाखाली, आणि नऊ मिनिटांनी परत २४,९८७.

मी नाशिक रोडहून पंचवटी एक्स्प्रेसने मुंबईला अप-डाऊन करतो. अकरा वर्षं झाली. जाताना साडेतीन तास, येताना साडेतीन तास. या प्रवासात पॉडकास्ट ऐकायचं वेड लागलं. रात्री घरच्या वायफायवर दोन-तीन भाग उतरवून ठेवायचे, कारण कसारा घाटातल्या बोगद्यांत रेंज जाते. अडचण वायरची. कधी शेजारच्याच्या बॅगेच्या चेनमध्ये अडकणार, कधी उतरणाऱ्याच्या कोपराला. शिवाय गाणं अर्धंमुर्धं ऐकू आलं तरी चालतं, बोलणं चालत नाही. गाडीच्या खडखडाटात एक वाक्य गेलं की पंधरा सेकंद मागे जा, आवाज वाढव, आणि नाशिक रोडला उतरेपर्यंत कान बधिर. तेव्हा बाहेरचा आवाज मारणारे वायरलेस हेडफोन ही माझी चैन नव्हती. हे मुद्दाम सांगतोय, कारण घरी ‘कशाला हवी होती ती थेरं’ हे ऐकून झालंय.

चांगल्या कंपनीचे तसले हेडफोन पंचवीस-तीस हजारांना आहेत. मला दिसले २,४९९ ला. कस्टम्समधून सुटलेला माल, शेवटचे थोडेच नग, वगैरे. ही जाहिरात तुम्हीही पाहिली असेल, पुढचं सांगत नाही. माझं गणित एवढंच होतं की कॅश ऑन डिलिव्हरी आहे, म्हणजे धोका नाही. किती मूर्ख गणित! पार्सलवाला पोरगा म्हणाला, “काका, आधी पैसे, मग पार्सल. आत काय आहे ते मला पण माहीत नाही.” त्याचं बरोबर होतं. चूक माझी, की पार्सल फोडताना व्हिडिओ काढला नाही. काढा. अडीचशे रुपयांची वस्तू असली तरी काढा.

खोका देखणा. हेडफोन हातात जड, त्यामुळे भारी वाटले. फोनला जोडायला गेलो तर यादीत कंपनीचं नाव नाही, ‘पी नाइन’ असं काहीतरी आलं. म्हटलं मॉडेलचं नाव असेल. नॉइज कॅन्सलेशनचं बटण दाबलं की एक बाई इंग्रजीत सांगायची की चालू झालं, आणि पुढे काहीच व्हायचं नाही. दुसऱ्या दिवशी डब्यातल्या एका कॉलेजच्या पोराने पाहिलं आणि म्हणाला, “काका, डुप्लिकेट आहे. खोक्यावर आर नंबर कुठाय?” भारतात विकल्या जाणाऱ्या वायरलेस हेडफोनवर बीआयएसचा, म्हणजे भारतीय मानक ब्युरोचा, ‘आर’ने सुरू होणारा नोंदणी क्रमांक लागतो आणि तो बीआयएस केअर अ‍ॅपवर तपासता येतो, हे मला त्या दिवशी त्या पोराकडून कळलं. मी त्याच्यावरच चिडलो. मग खिडकीकडे तोंड करून तसाच ऐकत बसलो. आवाज पत्र्याच्या डब्यातून आल्यासारखा, पण ऐकत राहिलो.

इथे थांबलो असतो तर २,४९९ वर भागलं असतं. पण खोक्यात एक पावती होती आणि पावतीवर हेल्पलाइन नंबर. छापील होता म्हणून खरा वाटला. चोराने स्वतःच छापलेला नंबर, आणि तो मी स्वतःच्या हाताने फिरवला. संध्याकाळची परतीची पंचवटी, कल्याण नुकतंच गेलेलं. फोन लागायच्या आधी सायबर फसवणुकीपासून सावध करणारी ती सरकारी कॉलर ट्यून वाजली. कंटाळून कळ दाबून मी ती बंद केली.

माणूस मराठीत बोलला. “काका, मी पण आपल्या नाशिककडचाच, येवल्याचा आहे, तुमचं काम आजच करून देतो.” या एका वाक्याने मी विरघळलो. हिंदीत बोलला असता तर सावध राहिलो असतो असं मला अजूनही वाटतं; बायकोला तसं वाटत नाही. त्याने एक यूपीआय आयडी पाठवला, नाव ‘रिफंड डेस्क’. म्हणाला, त्याच्यावर जा आणि रिफंड कोड टाका, २४९८७. मी विचारलं, हा तर रकमेचा रकाना दिसतोय. “हो काका, कोड तिथेच टाकायचा. खाली नोटमध्ये ‘रिफंड’ लिहा, म्हणजे सिस्टिमला कळतं.”

रोज रात्री या क्षणापाशी येऊन माझी झोप उडते. आकड्याच्या आधी रुपयाचं चिन्ह होतं. ते मला दिसत होतं. मी अकाउंट्समध्ये काम करतो हो! दिवसभर आकडेच बघतो. एक रुपयाचा फरक आला तर संध्याकाळी सातपर्यंत बसून शोधतो. आणि माझ्या डोक्यात काय आलं, तर २४९९ आणि २४९८७ मिळतेजुळते आहेत, म्हणजे कोड माझ्याच ऑर्डरचा असणार. मग पिन. पैसे घेताना पिन लागत नाही हे ऑफिसातल्या शिपायाला मीच शिकवलंय, हातात फोन घेऊन. सात बेचाळीसला पैसे गेले.

तो लगेच म्हणाला, “काका घाबरू नका, सर्व्हरचा एरर आहे. तोच कोड परत टाका, दोन्ही एकदम रिव्हर्स होतील.” खर्डी जवळ येत होती. पुढे घाट, रेंज जाणार, आणि रेंज गेली तर पैसे मध्येच लटकतील, ही माझी भीती. त्या घाईत सात एक्कावन्नला परत टाकले. समोरचा माणूस घाई करत असेल तर फोन ठेवा. माझी घाई मीच केली, त्याला करावीही लागली नाही.

कसाऱ्यानंतर फोन मेला. इगतपुरीला रेंज आली तेव्हा त्याचा नंबर बंद. सायबर फसवणुकीची हेल्पलाइन १९३० लावली, तिसऱ्या वेळी लागली. तक्रार क्रमांक मिळाला, बाईंनी नीट ऐकून घेतलं, त्यांच्याबद्दल तक्रार नाही. पण पैसे तोवर दोन-तीन खात्यांतून पुढे गेले होते. हा फोन पहिल्या तासात करायचा असतो. माझा तो तास बोगद्यात गेला.

त्यानंतरचा तमाशा. पोलिसांचा पहिला प्रश्न, “गुन्हा घडला कुठे?” चालत्या गाडीत, आसनगाव ते खर्डी. मग रेल्वे पोलिसांकडे जा. रेल्वे पोलीस म्हणाले, गाडीत तुमच्या खिशातून काढले का? नाही ना, मग सायबरला जा. नाशिकला सांगितलं, खातं मुंबईच्या शाखेत आहे, तिकडे द्या. मुंबईत सांगितलं, राहता नाशिकला, तिकडे द्या. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३ नुसार हद्द कुठलीही असो, तक्रार घ्यावी लागते, हे मी छापून नेलं. साहेबांनी कागद वाचला आणि म्हणाले, “वकील आहात का?” त्या एका वाक्यासाठी मी दोन तास बाकावर बसलो होतो. चार रजा गेल्या. एका ठिकाणी माझा अर्जच हरवला आणि वर मलाच विचारलं, पोच का नाही घेतली? पोच घ्या. शिक्का मारून घ्या. आणि ‘साहेब जेवायला गेलेत’ असं सांगितलं तरी हलू नका.

बँकेचं आणखी सोपं. अनधिकृत व्यवहारांत ग्राहकावरची जबाबदारी मर्यादित करणारं रिझर्व्ह बँकेचं ६ जुलै २०१७ चं परिपत्रक दाखवलं, तर त्यातलीच दुसरी ओळ मला वाचून दाखवली: ग्राहकाचा निष्काळजीपणा असेल तर कळवेपर्यंतचं नुकसान ग्राहकाचं. “पिन तुम्हीच टाकलात ना?” हे मॅनेजर इतक्या मोठ्याने बोलले की रांगेतल्या सगळ्यांनी मागे वळून पाहिलं. एका खात्यात माझे ६,१४० रुपये गोठवलेत म्हणे. ते सोडवायला कोर्टाचा आदेश आणा, असं तेव्हा सांगितलं. हेडफोनसाठी ग्राहक हेल्पलाइन १९१५ लाही फोन केला. ग्राहक आयोगात पाच लाखांपर्यंतच्या खरेदीला फी लागत नाही, हे खरं आहे. पण समोरच्याचा पत्ता लागतो, आणि पार्सलवरच्या पत्त्याला माझं पत्र परत आलं.

सध्या दीडशेच्या वायरवाल्या इयरफोनवर आहे.

गेल्या आठवड्यात आणखी एक फोन आला. “सायबर रिकव्हरी विभागातून बोलतोय, तुमची केस मंजूर झाली आहे, फाइल चार्ज १,१८० भरा.” माझा तक्रार क्रमांक त्याच्याकडे होता, शेवटच्या आकड्यापर्यंत बरोबर. कुठून मिळाला ते ज्याचं त्याने ओळखावं. मी फोन ठेवला. पण खोटं कशाला सांगू, ठेवण्याआधी ‘हे जीएसटी धरून का?’ एवढं मी विचारलं होतं.