पैसे हातात येण्याआधी तडजोडीच्या पुरसिसेवर सही केली

वडिलांच्या जमिनीच्या वाटपाचा दावा मी तालुक्याच्या कोर्टात एका वकिलांकडे दिला होता. चार वर्षांत ८५ हजार रुपये दिले, सगळे रोख, एकाही रकमेची पावती नाही. फोन केला की ठरलेलं उत्तर, "ताई, तारीख पडलीय." शेवटी भाच्याने ई-कोर्ट्स या न्यायालयांच्या वेबसाइटवर दाव्याचा सीएनआर नंबर टाकला, तेव्हा कळलं की आमच्या बाजूने कुणी हजर न राहिल्याने दावा चौदा महिन्यांपूर्वीच काढून टाकला होता.

मी वकिलांवर देखरेख ठेवणाऱ्या महाराष्ट्र व गोवा बार कौन्सिलकडे तक्रार केली. तिथे साधं पत्र चालत नाही, सही आणि सत्यापन (मजकूर खरा असल्याचं लिहून देणं) केलेला अर्ज लागतो. तथ्य दिसलं तर प्रकरण तीन सदस्यांच्या शिस्तपालन समितीकडे जातं. वकिलाला नोटीस मिळते, बाजू मांडता येते, आपली उलटतपासणीही घेता येते. आधी मला हे खटकलं होतं. आता पटतं, नुसत्या आरोपावर कुणाची सनद, म्हणजे वकिलीचा परवाना, जाऊ नये. पण समिती ताकीद देऊ शकते, सनद काही काळ थांबवू शकते, वकिलांच्या यादीतून नाव वगळू शकते. आपली फी वसूल करून देणं तिचं काम नाही, त्यासाठी वेगळा दिवाणी दावा करावा लागतो. त्यामुळेच माझ्यासारखी माणसं तडजोडीच्या बोलण्याला भुलतात.

नोटीस पोचल्यावर वकीलसाहेब घरी आले. "सगळे पैसे देतो ताई, आठवड्यात चेक. एवढ्या पुरसिसेवर सही करा." पुरसिस म्हणजे प्रकरणात दाखल करायचं लेखी निवेदन. त्या कागदावर लिहिलं होतं, 'तक्रार गैरसमजातून केली, रक्कम मिळाली.' मी सही केली. चेक आलाच नाही. विचारलं तर म्हणाले, "प्रकरण संपलं, तुम्हीच लिहून दिलंय."

तीन महिने मी हे खरं मानलं. मग दुसऱ्या वकीलबाईंनी भारतीय बार कौन्सिलचा नियम दाखवला: तक्रारदाराने माघार घेतली किंवा तडजोड झाली, एवढ्याच कारणाने चौकशी बंद करता येत नाही. शिवाय वर्षभरात निकाल झाला नाही तर वकिलांच्या कायद्याच्या (अ‍ॅडव्होकेट्स अ‍ॅक्ट) कलम ३६-ब प्रमाणे प्रकरण भारतीय बार कौन्सिलकडे जातं. १४ मे २०२४ च्या सर्वोच्च न्यायालयाच्या निकालानंतर वकिलांविरुद्ध ग्राहक आयोगात जाता येत नाही, म्हणून ही समिती फार मोलाची आहे.

सही कशी घेतली ते मी प्रतिज्ञापत्रावर लिहून दिलं, चेकच्या वायद्याचे व्हॉट्सअ‍ॅप मेसेज जोडले. उलटतपासणीत पहिला प्रश्न आला, "सही तुमचीच ना?" मी हो म्हटलं, आणि 'रक्कम मिळाली' या शब्दांसमोर माझं बँकेचं पासबुक ठेवलं.