मागची सात वर्षं कुठे जमा होतात? राज्यातलं नवं पद की केंद्रातली नोकरी

आस्थापना शाखेत बसणाऱ्याला स्पर्धा परीक्षांचे निकाल लागले की एक प्रश्न हमखास येतो: "माझी आधीची सेवा धरणार ना?" हा प्रश्न एकच वाटतो, पण त्याच्या पोटात चार प्रश्न आहेत. निवृत्तिवेतनासाठी धरणार का? पगारासाठी? आश्वासित प्रगतीसाठी, म्हणजे पदोन्नती नाही मिळाली तरी ठरावीक वर्षांनी मिळणाऱ्या वरच्या वेतनश्रेणीसाठी? आणि ज्येष्ठतेसाठी? चारही उत्तरं वेगवेगळी येतात. एकाचं 'हो' ऐकून बाकीच्यांनाही 'हो' समजून लोक कार्यमुक्त होतात आणि मग वर्षानुवर्षं फायली फिरवत बसतात.

उदाहरण घेऊ. २०१८ साली राज्य शासनात लिपिक-टंकलेखक म्हणून रुजू झालेली एक मुलगी. एस-६ (राज्याच्या वेतनतक्त्यातला स्तर, केंद्रात त्याला लेव्हल म्हणतात), सुरुवात १९,९०० वर. सात वेतनवाढी घेऊन मूळ वेतन २४,५००. आता तिच्यासमोर दोन पदं आहेत. एक राज्यातलं राज्य कर निरीक्षक, एस-१४, सुरुवात ३८,६००. दुसरं केंद्रातलं आयकर निरीक्षक, लेव्हल ७, सुरुवात ४४,९००.

इथे वेतन संरक्षणाची काळजी सोडून द्या. २४,५०० कुठे आणि ३८,६०० कुठे. नव्या पदाची सुरुवातच इतकी वर आहे की जुना पगार वाचवायचा प्रश्नच येत नाही. आश्वासित प्रगतीचंही तेच. राज्यात सुधारित योजनेत १०, २० आणि ३० वर्षांनंतर लाभ मिळतो, केंद्राच्या अशाच योजनेत, एमएसीपीत, टप्पेही तेच. पण वरच्या पदावर नव्याने नेमणूक झाली की घड्याळ दोन्हीकडे पहिल्या दिवसापासून चालू होतं. ज्येष्ठता तर कुणीच आणू देत नाही. नव्या संवर्गात तुम्ही तुमच्या निवडयादीतल्या जागेवर. तेव्हा या मुलीने आधीच्या सेवेपायी निर्णय अडवून ठेवू नये. ४४,९०० आणि महाराष्ट्राबाहेर बदलीची शक्यता एका पारड्यात, ३८,६०० आणि राज्यातच राहणं दुसऱ्यात, एवढंच तोलायचं आहे. मला विचाराल तर घरात म्हातारी माणसं असतील तर राज्यातलं पद, नसतील तर केंद्रातलं.

खरी गोम आहे ती बरोबरीच्या पदावर जाताना. हीच मुलगी केंद्रात लेव्हल २ च्या, म्हणजे पुन्हा १९,९०० च्या पदावर निघाली, तर? केंद्रातल्या एका विभागातून दुसऱ्या विभागात त्याच वेतनस्तरावर, सेवेत खंड न पडता गेलेल्याची मागची नियमित सेवा एमएसीपीसाठी मोजतात. लाभ मात्र नव्या पदावरचा परिवीक्षा काळ संपेपर्यंत थांबतो. राज्य शासनातून, स्वायत्त संस्थेतून किंवा सार्वजनिक उपक्रमातून आलेल्याची सेवा मात्र मोजत नाहीत, असं योजनेतच स्पष्ट म्हटलंय. म्हणजे इथेच राहिली असती तर पहिला लाभ २०२८ मध्ये; २०२५ ला केंद्रात रुजू झाली तर २०३५. तेवढ्यावर भागत नाही. राज्याची योजना पदोन्नतीच्या पदाची वेतनश्रेणी देते, म्हणजे बहुतेक कार्यालयांत वरिष्ठ लिपिकाची एस-८, जिची सुरुवात २५,५०० ला होते. एमएसीपी वेतन मॅट्रिक्समधला फक्त पुढचा स्तर देते, लेव्हल ३, सुरुवात २१,७००. नाव 'केंद्र' आहे म्हणून भुलू नका. बरोबरीच्या पदासाठी मी कुणालाही राज्य सोडायला सांगणार नाही, पुढे विभागीय परीक्षांची वाट पक्की दिसत असेल तर गोष्ट वेगळी.

निवृत्तिवेतनाचं वजन तुम्ही कधी रुजू झालात त्यावर ठरतं. राज्यात १ नोव्हेंबर २००५ पासून आलेल्यांना नवी, वर्गणीवर चालणारी योजना (एनपीएस), केंद्रात १ जानेवारी २००४ पासून. नव्या योजनेतल्याचा प्राण, म्हणजे निवृत्ती खात्याचा कायम क्रमांक दोन्हीकडे तोच राहतो, जमा रक्कम सोबत येते. जुन्या योजनेतला माणूस मात्र एका कागदावर सगळं घालवू शकतो.

तो कागद म्हणजे राजीनामा. एका सहकाऱ्याचं सेवापुस्तक माझ्या हातात आलं होतं. शेवटच्या पानावर निळ्या शाईत नोंद: "वैयक्तिक कारणास्तव राजीनामा मंजूर." तो दुसऱ्या दिवशी दुसऱ्या सरकारी पदावर रुजू झाला होता, खंड एका दिवसाचाही नव्हता. पण अर्ज त्याने परस्पर भरला होता आणि राजीनाम्यात नव्या पदाचा उल्लेखच नव्हता. महाराष्ट्र नागरी सेवा (निवृत्तिवेतन) नियम, १९८२ मधला नियम ४६ सांगतो की राजीनाम्याने मागची सेवा जप्त होते. रीतसर परवानगीने दुसरी नेमणूक घेण्यासाठी दिलेला राजीनामाच त्यातून सुटतो. चौदा वर्षं त्या चार शब्दांखाली गेली. त्याच्याकडे बघून काय बोलावं ते सुचेना.

म्हणून परीक्षेचा अर्ज भरतानाच कार्यालयामार्फत जा किंवा नाहरकत घ्या. राजीनाम्यात नव्या पदाचं नाव, नेमणूक आदेशाचा क्रमांक आणि "तांत्रिक राजीनामा" हे शब्द हवेतच. कार्यमुक्तीच्या आदेशातही तेच शब्द आहेत का, ते आदेश हातात घेताना तिथेच उभं राहून वाचा. धारणाधिकार, म्हणजे जुन्या पदावरचा हक्क, ठेवायचा असेल तर तो त्याच अर्जात मागा, नव्या जागी मन रमलं नाही तर परतीची वाट राहते. आणि निघण्यापूर्वी सेवापुस्तकातली सेवा पडताळणीची नोंद शेवटच्या दिवसापर्यंत करून घ्या, अर्जित रजेच्या शिलकीवर सही घ्या, दोन्ही पानांची झेरॉक्स स्वतःजवळ ठेवा.

जिल्हा परिषदेच्या शिक्षकांचा आंतरजिल्हा बदलीचा प्रश्न यापेक्षा सोपा आहे. नव्या जिल्ह्यात ज्येष्ठता शेवटून सुरू होते, पण १२ वर्षांची वरिष्ठ वेतनश्रेणी मोजताना आधीच्या जिल्ह्यातली सेवा धरतात. पदोन्नती लांबते, पगार मागे जात नाही. गावाकडे परतायचं असेल तर हा सौदा मला मान्य आहे.