पहिला रॉड, पहिला तंगूस: भंडारा-गोंदियाच्या तलावांवर नऊ महिने वापरल्यावर

वापराचा काळ जून ते फेब्रुवारी. पाणी बहुतेक मामा तलावांचं, म्हणजे माजी मालगुजारी तलावांचं. मधूनमधून वैनगंगेचा वाळूचा काठ आणि वर्धा नदीतले काळे खडक. गळाने मासे पकडायचं सामान नवशिक्याच्या खिशाला झेपेल असं घेतलं होतं: एकात एक सरकणारा ७ फुटी फायबरचा टेलिस्कोपिक रॉड, ३००० नंबरचं रील, ०.३० आणि ०.३५ मिमी जाडीचा नायलॉन तंगूस (गळाची एकेरी दोरी), २० पौंडाची ब्रेड (विणलेली दोरी) आणि गळांची दोन-तीन पाकिटं.

नऊ महिन्यांनंतरचं मत आधीच सांगून टाकतो. दोन हजार रुपये हातात असतील तर ते रॉडच्या चकाकीवर घालवू नका. साधा रॉड मासा सोडत नाही. मासा सुटतो तो भंगार तंगूस, बोथट गळ आणि चुकीची गाठ या तीन कारणांनी. या तिन्ही गोष्टी मिळूनही रॉडपेक्षा स्वस्तच पडतात, तरी नवीन माणूस नेमकी तिथेच काटकसर करतो.

तंगूस घेताना वेष्टनावरचे किलो वाचू नका, जाडी वाचा. चांगला ०.३० मिमी नायलॉन साधारण ६ ते ७ किलोला तुटतो. त्याच जाडीवर १५ किलो छापलेलं असेल तर एक तर ताकद खोटी आहे किंवा जाडी खोटी आहे. स्वस्त रिळांत बहुधा जाडीच खोटी निघते. ती तपासायला सूक्ष्ममापी लागत नाही. पेन्सिलीवर तंगुसाचे २० वेढे एकाला एक चिकटवून घ्या आणि पट्टीने रुंदी मोजा. ०.३० असेल तर ६ मिमी भरेल. ७ मिमी भरली तर तो ०.३५ आहे, आणि ८ भरली तर तुम्ही ०.४० घेऊन आलात. ताकद जाडीच्या वर्गाने वाढते, म्हणून ०.३० आणि ०.३५ यांच्यातला दिसायला किरकोळ फरक ताकदीत जवळपास ३६ टक्क्यांचा पडतो. पण जाड तंगूस कडक असतो, स्पूलवर (रीलच्या ज्या भागावर तंगूस गुंडाळतात त्यावर) स्प्रिंगसारखी गुंडाळी धरून बसतो आणि फेक आखूड होते. या सगळ्याचा मेळ घालता कमळ आणि बेशरमाची झुडपं असलेल्या तलावाला ०.३५ आणि मोकळ्या पाण्याला ०.३० हे प्रमाण नऊ महिने बदलावं लागलं नाही.

ताकद घरी मोजायची असेल तर सामान तोलायचा लटकन काटा पुरतो. तंगूस तासभर पाण्यात बुडवून ठेवा, कारण नायलॉन पाणी पितो आणि ओला झाल्यावर थोडा कमजोर पडतो. एक टोक खिळ्याला चार-पाच वेढे देऊन बांधा, दुसरं काट्याला, आणि सावकाश ओढा. मग मधोमध एक साधी गाठ मारून तीच चाचणी पुन्हा करा. आकडा जवळजवळ निम्म्यावर येतो. माशाच्या ओढीने मधूनच तंगूस तुटला असं ज्याला वाटतं, त्याच्या तंगुसात बहुतेक वेळा अशीच एक बारीक गाठ नकळत पडलेली असते. वाऱ्यात फेक केल्यावर दोन बोटांतून तंगूस फिरवून पाहण्याची सवय लावा. गाठ लागली तर सोडवत बसू नका, तेवढा भाग कापा.

आठवडी बाजारात जाळं विणण्यासाठी मिळणारा तंगूस बांबूच्या काठीला उत्तम चालतो. रीलवर तो घालू नका. त्याची गुंडाळी मोडत नाही आणि बेलची तार (स्पूलवर तंगूस अडवून धरणारी, उघडझाप होणारी तार) उघडली की वेढेच्या वेढे बाहेर उडतात.

आता ब्रेड. ही विणलेली दोरी पॉलिथिलीनच्या धाग्यांची असते, पाण्यावर तरंगते आणि ताणत नाही. नायलॉन ओढीखाली चांगलाच ताणतो, त्यामुळे नवशिक्याच्या घाईच्या हिसक्याला तो माफ करतो. ब्रेड माफ करत नाही. हिसका थेट गळावर जातो आणि रोहू-कतल्याच्या मऊ ओठातून गळ फाडून निघतो. म्हणून कणकेचा गोळा लावून बसणाऱ्याला ब्रेडची गरज नाही. मरळीसाठी मात्र ब्रेडला तोड नाही. कमळाच्या पानांवरून रबरी बेडूक ओढताना मरळ झेप घेते आणि लगेच देठांत शिरते, तिथे ताणणारा तंगूस हरतो आणि ब्रेड देठ कापत बाहेर येते. २० पौंड म्हणजे ९ किलोच्या आसपास, दाट झाडोऱ्यात ३० पौंड घ्या. जानेवारीपर्यंत आमच्या ब्रेडचा हिरवा रंग पार उडाला, पण ताकद फारशी घटली नाही. नुकसान झालं ते खडकावर. वर्ध्याच्या धारदार दगडाला घासलेली ब्रेड पाहता पाहता कापसासारखी फुलते आणि पुढच्या ओढीला तुटते. तिथे गळाच्या बाजूला हात-दीड हात ०.४० नायलॉन जोडणं भाग आहे.

ब्रेडचे तीन धडे, जे पाकिटावर छापत नाहीत. थेट स्पूलवर बांधली तर सगळा गुंडाळा स्पूलवर गरगर घसरतो आणि वाटतं की ड्रॅग (जोराची ओढ आली की तंगूस सोडणारा रीलचा ब्रेक) बिघडला, म्हणून आधी ५-६ मीटर नायलॉन गुंडाळून मग ब्रेड जोडा. अडकलेली ब्रेड हाताला वेढे देऊन कधीच ओढू नका, ती बोट हाडापर्यंत कापते, काठीला गुंडाळून ओढा. आणि गाठ पालोमारच मारा. दोरी दुहेरी करून गळाच्या डोळ्यातून काढायची, साधी सैल गाठ मारायची, फासातून अख्खा गळ ओलांडायचा, थुंकीने ओली करून सावकाश आवळायची. कोरडी आवळली तर घर्षणाच्या उष्णतेने नायलॉन तिथेच जळतो. पांढरट, कुरळा झालेला तुकडा दिसला की ती गाठ कापून नवी मारा.

फ्लुरोकार्बनच्या तंगुसावर नवशिक्याने पैसे घालू नयेत. तो पाण्यात कमी दिसतो हे खरं, पण जुलै ते सप्टेंबर आपल्या तलावांचं पाणी चहासारखं असतं, तिथे कोण काय बघतो! शिवाय ‘फ्लुरोकार्बन कोटेड’ लिहिलेला माल आतून नायलॉनच असतो.

रील भरण्यात जितक्या चुका होतात तितक्या मासेमारीतही होत नसतील. स्पूलच्या कडेवर ०.३०/१५० असं काहीतरी छापलेलं असतं, म्हणजे ०.३० मिमीचा १५० मीटर मावतो. १०० मीटरचं एकच रिळ घेतलं तर खाली जुना तंगूस किंवा सुती दोरा भरून उंची वाढवा. काठापासून २ मिमी खाली थांबायचं. कमी भरला तर प्रत्येक फेकीला तंगूस काठाला घासतो आणि गोळा जवळच पडतो. जास्त भरला तर वेढे आपसूक निसटून पक्ष्याच्या घरट्यासारखा गुंता तयार होतो. भरताना नवं रिळ जमिनीवर आडवं ठेवा, तंगूस ओल्या फडक्यातून चिमटीत धरा, पंधरा-वीस वेढ्यांनंतर सैल सोडून पाहा. पीळ पडत असेल तर रिळ उलटं करा.

दुसरी चूक याहून महाग पडते. मासा ओढतोय, ड्रॅग करकरतोय, आणि हात मात्र हँडल फिरवतच राहतो. तंगूस आत येत नाही, पण स्पूलभोवतीचा रोटर फिरतोच, आणि ५.२ः१ गुणोत्तराच्या रीलवर हँडलच्या एका फेऱ्याला तंगुसात पाच पीळ चढतात. दहा फेऱ्यांत पन्नास. संध्याकाळपर्यंत तंगूस टेलिफोनच्या वायरसारखा होतो आणि दोष रीलला मिळतो. मासा ओढत असेल तेव्हा हँडल थांबवा. रॉड वर उचला, मग खाली नेता नेता गुंडाळा. चढलेला पीळ काढायला गळ-शिसं सगळं सोडून वैनगंगेच्या वाहत्या धारेत ४०-५० मीटर तंगूस पाच-दहा मिनिटं सोडून ठेवायचा, तो आपोआप उलगडतो. तलावावर असाल तर गवताळ पडीतून ओढत चालत गेलात तरी चालेल. धानाच्या बांधीत नको, कापणीनंतरची खुंटं तंगूस खरचटवतात.

ड्रॅग किती आवळायचा? तंगुसाच्या ताकदीच्या पाव ते तिसरा हिस्सा. ६ किलोचा तंगूस असेल तर रॉड वाकवून काट्यावर दीड ते दोन किलोला स्पूल सुटला पाहिजे. स्वस्त रीलमध्ये ड्रॅग गुळगुळीत न सुटता हिसके देत सुटतो, आणि त्या हिसक्यातच तंगूस जातो. आमच्या रीलमध्ये आतल्या फेल्टच्या चकत्या कोरड्या होत्या, त्यांना अगदी पुसट ग्रीस लावल्यावर फरक पडला. घरी ठेवताना ड्रॅग सैल सोडा, नाहीतर चकत्या दबून बसतात. तंगूस जिथून वळतो त्या बारीक रोलरला दर महिन्याला शिलाई मशीनच्या तेलाचा एक थेंब पुरे. खाण्याचं तेल नको, ते चिकट होऊन रोलर जाम करतं. मग एकाच जागी खाच पडते आणि ती खाच रोज तंगूस सोलते. आमच्या रीलवर ही खाच डिसेंबरात दिसायला लागली. बेलच्या तारेची स्प्रिंग त्याआधीच ढिली पडली होती, त्यामुळे फेकीनंतर तार हातानेच बंद करावी लागते. तशी सवय चांगलीच आहे, त्याने पीळही कमी चढतो.

रॉडबद्दल थोडक्यात. फायबरचा, भरीव टोकाचा घ्या. वजनाला जड लागतो, पण बांधावर आपटला, मोटरसायकलवर घासला तरी टिकतो. विकत घेण्याआधी कापसाचा बोळा प्रत्येक कडीतून फिरवा. जिथे तंतू अडकेल तिथे तंगूस कापला जाणार. टोकाच्या कडीतली चिनी मातीची चकती निघून पडली तर उरलेलं धातूचं कडं करवतीसारखं काम करतं, हे रोज तपासायचं. नळ्या ओढून उघडताना थोडा पीळ देऊन बसवा, जोराने ताणू नका. अडकल्या तर दोघांनी धरून सरळ रेषेत फिरवा. कार्बनचा रॉड वीज वाहून नेतो. शेतातल्या विद्युत तारांखालून तो उभा धरून चालू नका, आणि जूनच्या पहिल्या पावसात ढग गडगडले की रॉड खाली ठेवून काठ सोडा.

गळांच्या नंबराचा घोळ नवख्याला हमखास होतो. ८ पेक्षा ६ मोठा, ६ पेक्षा ४ मोठा. १ च्या पुढे १/०, २/० असे वाढत जातात. गांडूळ लावून तिलापी, छोटा मृगळ: १० किंवा ८. कणकेचा गोळा रोहू-कतल्याला: ६ किंवा ४. मरळीला १/० ते २/०. टोक अंगठ्याच्या नखावर हलकं टेकवून सरकवा. रुतलं तर धार आहे, घसरलं तर नाही. मग गळ लाकडात टोचून ओढा. सरळ होत असेल किंवा काडकन मोडत असेल तर अख्खं पाकीट बाजूला ठेवा. स्वस्त पाकिटातले गळ पावसाळ्यात दोन-तीन आठवड्यांत गंजले. डबीत खडूचा तुकडा ठेवल्यावर प्रमाण कमी झालं.

शिसं लागेल तेवढंच. स्थिर तलावात १० ग्रॅमही पुष्कळ, नदीच्या धारेत २० ते ३०. शिसं तंगुसावर सरकतं ठेवा, खाली स्विव्हल (गरगर फिरणारा जोड), आणि त्यापुढे वीतभर-दीड वीत मुख्य तंगुसाहून एक माप बारीक तंगूस. गळ बुडाशी अडकला तर फक्त हा तुकडा तुटतो, सगळा जोड वाचतो.

खर्च असा बसला: रॉड ७००-८००, रील ८००-९००, तंगूस १५० ते ३००, गळ-शिसं-स्विव्हल मिळून २०० च्या आत. ब्रेड वेगळी, तिची सुरुवातीला घाई नको. एवढेही नसतील तर १० फुटी वाळलेला बांबू, काठीएवढाच तंगूस, ८ नंबरचा गळ आणि धांड्याचा (ज्वारीच्या ताटाचा) तुकडा तरंडा म्हणून. तंगूस नुसता टोकाला बांधू नका, मुठीपासून काठीभर गुंडाळत टोकापर्यंत न्या. टोक मोडलं तरी मासा हातात राहतो. आमच्या मते पहिले दोन महिने प्रत्येकाने हेच वापरावं, माशाचा चावा कळायला याहून चांगली शाळा नाही.

तंगुसाचं आयुष्य: गळाजवळचे एक-दोन मीटर प्रत्येक फेरीनंतर बोटाने चाचपून खरखरीत वाटले की कापा. हंगामाच्या मध्यावर सगळा तंगूस उलटा भरा, आतला न वापरलेला भाग पुढे येतो. एप्रिल-मेमध्ये रील गाडीच्या डिक्कीत किंवा पत्र्याखाली ठेवू नका. आपल्याकडचं ४५ अंशांचं ऊन आणि त्यातली अतिनील किरणं नायलॉनला ठिसूळ करतात, दिसायला मात्र तो तसाच दिसतो.

तलावावर बसण्याआधी तिथल्या मच्छीमार संस्थेला विचारा. बहुतेक तलाव ठेक्याने दिलेले असतात, बीज त्यांनी सोडलेलं असतं आणि ढिवर कुटुंबांचं वर्ष त्यावर चालतं. पेंच, नवेगाव-नागझिरा, ताडोबा या राखीव क्षेत्रांत गळ टाकायचाच नाही. आणि कापलेला तंगूस काठावर सोडू नका. पाण्यावर येणाऱ्या म्हशींच्या खुरांत आणि गोंदियाकडे सारसांच्या पायांत तो गुंततो, वर्षानुवर्षं कुजत नाही. रिकामी पाण्याची बाटली बरोबर ठेवा, तुकडे त्यात टाका, घरी आल्यावर कात्रीने बोटभर लांबीचे करून मगच कचऱ्यात.